गुरांचा काटा

दवाखान्यातला काटा दीडशेला संपायचा.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यापुढचं माझ्याकडे मोजायला नाही,
आणि उगाच खिडकी लावायला उठल्या.
मग शुक्रवारचा बाजार उठल्यावर
एवारिस्तो टोपी हातात घेऊन आला
आणि ज्या काट्यावर एकवीस वर्षं
लोकांची गुरं चढवत आला होता
त्यावर स्वतः चढला.

फळ्यांवर शेण ओलंच होतं.
मी माझ्या खिडकीत, वही उघडी.
सुई थरथरली, एकशे पासष्टवर बसली.
हा काटा पाच-पाच किलोंनी बोलतो,
त्याच्या आतलं त्याला ऐकू येत नाही.
जात, कानातला बिल्ला, मालक :
तिथे मी रेघा ओढल्या.
शेवटचा रकाना, रवानगी कुठे.
त्या पानावर वर एका कत्तलखान्याचं नाव
आणि खाली तळापर्यंत 'सदर', 'सदर', 'सदर'.
त्याच्यापुढे काय लिहू?
पेन टेकवून बसले. शाईचा ठिपका पडला तेवढा.

इथे पाम्पावर पाहुण्याला पाणी विचारत नाहीत,
बरगडी कशी हवी ते विचारतात.
आणि रविवारचा विस्तव राखायचा एवारिस्तोनेच,
त्याच्याइतका निखारा कुणाला कळत नाही.
त्याने मांस सोडलं, विस्तव सोडला नाही.
दुसऱ्यांच्या बरगड्या उलटत राहिला
आणि कडेला, राखेत,
भोपळा पुरला, रताळी, कांदे सालीसकट.
वरून कोळसा, आत लालभडक गर.
त्यावर लिंबू. तेलाचा थेंब नाही.

"गवत खाऊन बारीक होणार म्हणे!"
फाउस्तीनो पलीकडून ओरडला.
"अरे, तू तोलतोस ती गाय काय खाते?
आणि भरते किती?"
याला एवारिस्तोकडे उत्तर नव्हतं.
तोही हसला पोट धरून.
तेव्हा धरायला पोट होतं.

रात्री ओर्तेन्सिया घेवडा भिजत घालायची,
सकाळी दाणे पातेल्याच्या काठाला लागलेले.
घरात आता फुगतंय ते एवढंच, म्हणायची.

एकशे साठ. पंचावन्न. पन्नास. पंचेचाळीस.
जूनच्या गारठ्यात त्याचा भाऊ गेला.
पुरून परतताना हमरस्त्यावरच्या टपरीत
उभ्याउभ्या चार सॉसेज-पाव खाल्ले त्याने,
आणि मग थांबलाच नाही महिनाभर.
सुई पुन्हा दीडशेवर.
मी पेन उचललंच नाही, तर म्हणाला,
लिही गं. भावाचं वजन आहे ते.

उतरलं तेही. हळूहळू,
आठवडेच्या आठवडे काट्याला न कळता.
साखरेच्या गोळ्या चारावरून एकीवर आल्या.
आणि एका सकाळी खाटेवर बसून
वाकून
त्याने बुटाच्या नाड्या स्वतः बांधल्या.
ओर्तेन्सिया दारात उभी होती.
नऊ वर्षं रोज त्याच्यापुढे गुडघ्यावर बसायची ती.
आनंद झालाच, मला म्हणाली,
पण त्या दोन मिनिटांचं काय करू, ते सुचेना.
अजूनही कधीकधी तो पाय पुढे करतो.
तिच्यासाठी.

ऑक्टोबरात दवाखान्याचा काटा त्याला पुरला.
एकशे अठ्ठावीस. बाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.
तरी शुक्रवारी आला.
शेवटची गाय फळ्यांवर अडून उभी,
काही केल्या उतरेना.
त्याने काठी उचलली नाही.
बाजूला उभा राहिला, बराच वेळ,
रांगेतला ट्रकवाला भोंगा वाजवत असताना.
मग ती गेली, जिथे जायची तिथेच गेली.

तो चढला. एकशे तीस, काटा म्हणाला,
त्याला ऐकू येतं तेवढंच.
जात, बिल्ला, मालक : रेघा.
रवानगी कुठे?

घरी, मी लिहिलं.
पायी.