वारसांचा तक्ता

आजोबा हेळवी. सुगी सरली की बैलावर बसून निघायचे.
पाटलाच्या दारात, बैलावरून न उतरता,
चौदा पिढ्या एका दमात म्हणायचे,
आणि पायलीभर जोंधळा घेऊन पुढच्या दारी.

मी फोर्टात, भरडा सॉलिसिटरांच्या पोटमाळ्यावर,
जुन्या रेमिंग्टनवर वारसांचे तक्ते टाइप करतो.
पानामागे चाळीस रुपये.
धंदा तोच आहे, बैल तेवढा गेला.

जेवणाच्या सुट्टीत डब्याशेजारी एक पुस्तक उघडतो.
स्कॉटलंडचे जुने राजे. कुणी गोरा वकील मागे ठेवून गेला,
शेवटची पानं वाळवीने खाल्ली.
पुढे काय झालं ते मला ठाऊक नाही
आणि भरडाशेठना विचारायचा धीर नाही.

तिथे म्हणे गादी बापाकडून पोराकडे सरळ जात नसे.
चुलतभावाकडे जाई, पुतण्याकडे जाई,
जो कर्ता असेल त्याच्याकडे,
म्हणजे बहुतेकदा
ज्याने बाकीच्यांना उरू दिलं नाही त्याच्याकडे.
नव्या राजाला एका दगडावर बसवत
आणि एक म्हातारा पुढे होऊन
याचा बाप तो, त्याचा बाप तो, असं म्हणत जाई
नावं धुक्यात शिरेपर्यंत.
इथे माझा घास हातातच राहिला.
अरे, हा तर आमच्यातला!

एका राजाला मुलगा नव्हता.
त्याने बेथोक नावाची लेक मठपतीच्या घरी दिली,
आणि तिच्या मुलाची वाट मोकळी व्हावी म्हणून
भाऊबंदांची घरं रिकामी केली.
लेकीबद्दल पुस्तकात ओळ आहे. दीड.

आणि एक ग्रुओख.
तिचा नवरा पन्नास माणसांसकट जाळला गेला.
मग तिने त्याच्या चुलतभावाशी लग्न केलं.
आग बहुधा त्यानेच लावली, असं छापलंय.
‘बहुधा’खाली पेन्सिलीची रेघ आहे. माझी नव्हे.
तिच्या पदरात लुलाख, पहिल्याचा.
सावत्र बाप सतरा वर्षं राजा होता,
त्याच्यामागून लुलाख. सात महिने.
लोक त्याला खुळा म्हणत.

गेल्या मंगळवारी कुंदाबाई आल्या.
रे रोडच्या गोदामाला आग लागली तेव्हा नवरा आत होता.
वर्षश्राद्ध झालं आणि चुलतदिराशी लग्न लागलं;
छापखाना त्याने चालवला, आता तोही गेला.
नऊ वारस, चार वकील.
मुलगा, तिशीचा, बाहेर बाकावर बसून
जुन्या लिफाफ्यांवरची तिकिटं नखाने सोडवत होता.
एकही फाटू देत नव्हता.

मी आगीबद्दल विचारलं नाही.
विचारलं, पूर्ण नाव?
कुंदा, म्हणाल्या. पुढे वडिलांचं लावा.
पहिल्याचं नको, दुसऱ्याचंही नको.
रकाना नवऱ्याचा आहे बाई, मी म्हणालो.
मग खोडा, म्हणाल्या, तुमचंच मशीन ना?

ग्रुओखचं नाव एका दानपत्रामुळे टिकलं.
तळ्यातल्या बेटावरच्या साधूंना जमीन दिली, त्याचं.
नवरा राजा म्हणून तिथे शेजारीच आहे,
तरी लिहिलंय: ग्रुओख, बोधेची मुलगी.

आजोबांच्या चौदा पिढ्यांत एकही बाई नव्हती.
लहानपणी मी विचारलं, मग ही पोरं आली कुठून?
त्यांनी बैलाची मान हलवली.
घंटा वाजली, आणि पुढची पिढी सुरू झाली.

मी नवऱ्यावर फुल्या मारल्या.
टाइप केलं: कुंदा, मुलगी सखाराम केळुसकर यांची.
ओळ संपली तशी मशीनची घंटी वाजली
आणि बाकावरच्या मुलाने
मान वर करून पाहिलं.

साहेब हे चालवून घेतील की नाही, माहीत नाही.
बाईंनी पन्नासची नोट ठेवली.
सुटे नव्हते माझ्याकडे.