चाळीस मिनिटं

सिग्नल फक्त सड्यावर, करवंदीच्या जाळीपलीकडे,
जिथला कातळ दिवे लागले तरी निवत नाही.
तिथे बसून मी एक लायब्ररी मागवली,
भरती-सुकतीचं गणित करणारी.
तिने आधी दुसरी मागितली, दुसरीने तिसरी,
तिसरीला चौथीची जुनीच आवृत्ती हवी,
नवी चालणार नाही, थोरल्या आतेच्या पाट्या-वरवंट्यासारखं.
एकोणीस निघाल्या शेवटी.

बासष्ट टक्क्यांवर रेघ थांबली.
खाली देवगडच्या बंदरात बर्फाची गाडी रिकामी होत होती
आणि मी फोन डोक्यावर धरून उभी.
कुणी पाहिलं असतं तर म्हणाले असते,
सदूची मुलगी नवस फेडतेय.
मग वारा फिरला की काय कोण जाणे,
सगळं एकदम उतरलं.

आई आणि वाडीतल्या सात बायका
मोंडच्या खाडीत कालवं काढायला जातात.
पाणी कधी ओसरेल ते अंदाजानं.
अंदाज चुकला की कोयती मांडीवर ठेवून काठावर बसायचं,
नाहीतर परतताना कमरेएवढं पाणी, डोक्यावर टोपली.
मला फक्त आदल्या रात्री त्यांना एक मेसेज पाठवायचा होता:
उद्या इतक्या वाजता.

लायसन्स वाचलं, कुणी वाचत नाही तरी.
घे. वापर. बदल. पुढे दे.
जसं आहे तसं. हमी कसलीच नाही.
खाली एकच नाव, मला उच्चारता न येणारं,
शेवटची दुरुस्ती रात्री तीनची.
त्याच्या गावाला समुद्र आहे का, तेही लिहिलेलं नाही.

बाबला कुबल जाळ्याचे फाटके डोळे सांधत बसले होते.
"फुकट दिल्यान?"
फुकट.
"आणि तेका काय गावता?"
मला सांगता आलं नाही.
बाबलाकाकांची समुद्रात एक जागा आहे.
कुठलं झाड कुठल्या टेकडीआड गेलं की नांगर टाकायचा,
हे त्यांनी सख्ख्या भावाला सांगितलं नाही.
भाऊ गेला, तरी नाही.

पहिला मेसेज गेला: सव्वासहा.
सव्वासहाला पाणी छातीपर्यंत.
आई घरी येऊन काही बोलली नाही.
सुलोचनामामी बोलली,
"तुझ्या कंप्युटराक चंद्र दिसणा नाय काय गो?"

तिसऱ्या दिवशी बाबलाकाका धापा टाकत सड्यावर आले,
गुडघे दुखत असताना.
बसले. माझ्या बाटलीतलं पाणी प्यायले.
"मुखार सुकती लागली तरी आत पाणी चढतच आसता.
चाळीस मिनटां. भांगाच्या दिसांनी जास्ती.
बापाशीन सांगितलेल्यान, कोणाक सांगा नको म्हणून."
बराच वेळ खाडीकडे बघत राहिले.
"घाल त्यात. आणि त्या तुझ्या माणसाक पण कळव."

अकरा ओळी लिहिल्या. पाठवल्या.
सहा दिवस काही नाही.
सातव्या दिवशी उत्तर आलं: घेतल्या, आभार.
आणि खाली एक प्रश्न,
कालवं म्हणजे काय?
मी पानभर लिहिलं. भाजून कशी खायची तेही.

आता ज्या फाइलमध्ये मदत करणाऱ्यांची नावं असतात
तिथे सत्तावीस नावांखाली त्यांचं आहे, गावासकट.
कुठेही, कुणीही ती लायब्ररी उतरवून घेतली
की बाबला कुबल सोबत उतरतात.
काकांना इंग्रजी येत नाही.
चष्मा लावून स्क्रीनवर बोट ठेवलं त्यांनी,
अक्षरं मोजली,
विचारलं, "बरोबर लिवलंस मां?"

आईचा मेसेज आता चुकत नाही.
उधाणाला पाच मिनिटं इकडेतिकडे होतात, तेवढं ती धरून चालते.

ती जागा मात्र काकांनी अजून सांगितलेली नाही.
मीही विचारलेलं नाही.