अनुज्ञेय हानी : सहा

अर्जदार : कसबे डिग्रजची एक पाणीपुरवठा संस्था.
काम : जॅकवेलपासून नदीत बावीस मीटर नवा पाइप.
बाधित प्रजाती : शिंपला, गोड्या पाण्यातला, संरक्षित.
हाताळण्यास परवानगी : चारशे.
अनुज्ञेय हानी : सहा.

हा सहा मीच टाइप केला.
साहेब आधी दहा म्हणत होते,
तबस्सुम जमादार दोनवर अडून बसली होती,
चहा येईपर्यंत सहा झाले.
विश्रामबागेत दुसऱ्या मजल्यावर, पंखा तीनवर ठेवून
असा ठरतो नदीच्या तळाचा आकडा.

हरकतींसाठी तीस दिवस ठेवले होते.
एक आली. रस्त्याच्या रुंदीबद्दल.

फेब्रुवारीत पंचनाम्याला गेलो.
बंधाऱ्याच्या बरग्यांतून पाणी झिरपत होतं,
पलीकडच्या काठावर ऊसतोड,
कृष्णा मांडीएवढी, शेवाळी.
आणि तिच्यात हौसाक्का भोई, कासोटा खोचून,
डोळे मिटून, पायाच्या अंगठ्यानं तळ चाचपत.
परिशिष्ट ब मध्ये ती 'प्रशिक्षित मदतनीस' आहे.
तिला अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण दिलेलं आहे.
सहीच्या जागी अंगठा आहे, हाताचा.

"हितं धा हायती," म्हणायची,
आणि दहाच निघायचे.
तबस्सुम एकेकाला व्हर्नियरमध्ये धरून
पाठीवरची वर्षं मोजायची :
अकरा, चौदा, एक तर एकवीस,
दोन्ही महापूर अंगावर घेऊन जिथल्या तिथं बसलेला.
मग नंबर, ओलं गोणपाट, बादली,
आणि पाचशे मीटर वर, ऊन चढायच्या आत
वाळूत उभा लावायचा, रोपासारखा.
उलटा लावला तर जगत नाही.
याची पिल्लं म्हणे माशांच्या कल्ल्यांना धरून
गावं बदलतात.
त्या वाहतुकीचा नमुना आमच्याकडे नाही.

भाकरी सोडताना हौसाक्का म्हणाली,
"माझ्या सासूनं नणंदंच्या पोरास्नी शिंपीनंच दूध पाजलं.
दगडावर घासून भोक पाडायचं, कैऱ्या सोलायच्या.
बाहत्तरला तर शिजवून खाल्लंय, खोटं कशाला बोलू.
आता तू सांग भाऊ,
ती समदी वर्सं कुठल्या कागदात घालायची?"

मी म्हणालो, कायदा मागच्या तारखेनं लागत नाही.

"व्हय? मग नदीला सांग की तेवढं."

चार वाजता बेरीज झाली.
हलवले तीनशे सत्तावीस. मेले सहा.
कंत्राटदार बोंद्रे खूष : "तंतोतंत, साहेब!"
तंतोतंत आकड्याचा मला नोकरीत कायम संशय आलाय.
बूट काढले, पँट दुमडली, उतरलो,
म्हटलं एकदा स्वतः बघावं.

तिसऱ्या पावलाला, टाचेखाली,
कट्.

पाण्याला काही कळलं नाही.
तो आवाज माझ्या हाडातून वर आला,
गुडघ्यापर्यंत, आणि तिथं थांबला.

परवाना संस्थेच्या नावे आहे.
बोंद्रेच्या नावे आहे, तबस्सुमच्या, हौसाक्काच्या,
बादल्या उचलणाऱ्या दोन पोरांच्याही.
नावं मीच टाइप केली आहेत, स्पेलिंग दोनदा तपासून.
त्यात माझं नाव नाही.

हौसाक्कानं वाकून तो काढला.
एका बाजूचं कवच चिरलेलं,
आतून शिळ्या चांदण्यासारखा रंग,
आणि त्याचा तो एकुलता मऊ पाय
बाहेर येऊन
तिच्या तळहातावर तळ शोधत होता.
"जित्ता हाय," ती म्हणाली.
थोड्या वेळानं काहीच म्हणाली नाही.

तबस्सुमनं वहीत सात लिहिला. सहा खोडला नाही.
पुढच्या रकान्यावर पेन थांबलं.
"कारण काय टाकू, सर?"

मी पाण्यातच उभा होतो.
पाय उचलायचा तर ठेवायचा कुठे, याचा विचार करत.

लिही, म्हटलं.
तपासणी.