मानस

शाळेत मास्तर सांगायचे, मानस म्हणजे मन.
चोडणात मानस म्हणजे खाजणाच्या बांधातलं दार.
भरतीचा रेटा आला की फळ्या आपसूक मिटतात,
सुकती लागली की आतलं पाणी
त्यांना ढकलून नदीत जातं.
हेही यंत्रच.
कुणी शोधलं ठाऊक नाही,
बिल कुणाला येत नाही.

त्या दारावर मी सेन्सर बसवला.
पर्वरीच्या ऑफिसातला पगारी माणूस,
एक बूट चिखलात गेलेला.
आग्नेल बांधावर बसून बघत होता.
बाप मानशेकार, तोही मानशेकार,
त्याच्यानंतर कोण, ते माझ्या पेटीत होतं.
"चुकणार नाही ना?"
"नाही," म्हटलं.
ते खरं निघालं, आणि तिथेच सगळं अडलं.

चुकला असता तर सोपं होतं,
जुनंच बरं म्हणून दोघेही सुटलो असतो.
अवसेच्या रात्री अकरा चाळीसला
माझ्या उशाशी फोन थरथरला:
दार बंद. पाणी एक मीटर ऐंशी.
मी कूस बदलली.
मला सगळं कळलं
आणि मला काहीही झालं नाही.

नदीला दिवसातून दोनदा सुकती आहे.
माझ्या तळहातावरच्या उजेडाला नाही.
तो नुसता भरत राहतो,
आणि मी असलं दार, जे फक्त आत उघडतं:
कुणाचं लग्न, कुठलं युद्ध,
अनोळखी मांजराचं बारसं,
बुडालेलं गाव, चपलांवर सूट.
शेतात खारं पाणी साचून राहिलं
तर पुढची किती वर्षं भात धरत नाही,
हे आग्नेल बोटांवर सांगतो.
माझं कुणी मोजलेलं नाही.

तो अजून येतो म्हणे, रात्रीचा, टॉर्च घेऊन.
कशाला, विचारलं.
"पाणी आलेलं मला कळतं रे.
मी आलेलो त्याला कळायला नको?"
मी हसलो.
अहवालात तसा रकाना नव्हता.

आज सूचना आली: सेन्सर अस्वच्छ.
फेरीनं गेलो.
काचेच्या डोळ्यावर कालवं धरली होती,
दाटीवाटीनं, घर केल्यासारखी.
खरवडताना अंगठा कापला.
काम झाल्याची नोंद करायला फोन काढला,
त्यानं अंगठा ओळखला नाही.
पुन्हा प्रयत्न करा.
पुसला, पुन्हा धरला.
पुन्हा प्रयत्न करा.

भरती लागत होती.
वाकून अंगठा पाण्यात बुडवला.
झोंबलं.