कोट

जीप वळणावर दिसली, तशी आजोबांनी
खाटेखालची पत्र्याची पेटी ओढली.
मला वाटलं, चष्मा हवा असेल.
त्यांनी कोट काढला.

खाकी, जाड, कापराच्या वासाचा.
दर वर्षी ऊन दाखवून पुन्हा घडी घातलेला.
इथे मालोतीच्या डोंगरात बर्फ पडतं,
मेंढ्या उभ्या जागी गोठतात,
तरी तो त्यांच्या अंगात मी कधी पाहिला नव्हता.
"सरकारी आहे," म्हणायचे. "न्यायला येतील."

आले ते तिघे होते.
अधिकारी तरुण, उन्हानं नाक सोललेला,
एक फोटो काढणारा, आणि एक नुसताच उभा राहणारा.
प्रमुखांनी दुकानातून प्लास्टिकच्या खुर्च्या आणवल्या होत्या,
किमतीची चिठ्ठी अजून पायाला होती.
मी शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून दुभाषी मी.

अधिकाऱ्यानं कागद वाचला.
इटलीतले डोंगर, चव्वेचाळीसचा हिवाळा,
रात्री खेचरांवरून चढवलेलं पाणी, दारूगोळा,
उतरताना त्याच खेचरांवरून आणलेली माणसं.
नाव चुकलं होतं. खेथिसामधलं मधलं अक्षर भलतंच.
कुणा कारकुनानं तेव्हा लिहिलं
आणि तेच इतकी वर्षं चालत आलं.
"सहासष्ट वर्षं उशीर झाला," तो म्हणाला.
"आम्ही तुमचे आभारी आहोत."

पदकाची पिन घोंगडीतून जाईना.
त्याचं बोट टोचलं, रक्ताचा ठिपका आला.
आजोबांनी गळ्याजवळची आपली मोठी पिन काढून दिली,
आयुष्यभर थंडी बाहेर ठेवणारी,
तिला पदक अडकवलं एकदाचं.
आभाराचं मी कानात ओरडून सांगितलं, दोनदा.
त्यांनी मान हलवली,
ऐकल्याची नव्हे,
आता आपली पाळी, अशी.

उठले. काठी माझ्या हाती दिली.
कोकरू धरावं तसा दोन्ही हातांवर कोट धरला.
"साहेबांना सांग, एक बटण कमी आहे.
वरून तिसरं. हरवलं नाही.
मोलेलेकीच्या मुठीत राहिलं.
नालेदी घसरलं रात्री,
कपाळावर चांदणी होती म्हणून नालेदी, चांगलं खेचर होतं.
मोलेलेकी खाली लोंबकळत, मी वर,
माझा कोट धरला होता त्यानं.
सापडला सकाळी. मूठ उघडेना. तशीच पुरली.
पैसे कापायचे तर कापा."

मी सांगू लागले.
बटणापर्यंत आले आणि थांबले.
माझ्या इंग्रजीला एवढी चढण कधी लागली नव्हती.
फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला.
अधिकाऱ्यानं हातातला कागद उलटून पाहिला,
मागे काही नव्हतं.

"कोट तुमचाच आहे," तो म्हणाला.

आजोबांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं,
बाजारात बैलाचे दात पाहावेत तसं.
मग मला: "लिहून दे म्हणावं."

वहीतलं पान फाडून, जीपच्या बॉनेटवर ठेवून,
टोचलेलं बोट जरा वर धरून
त्यानं लिहिलं:
एक कोट, एक बटण कमी,
आजपासून खेथिसा यांच्या मालकीचा.
नावाचं अक्षरन् अक्षर मी सांगितलं.
सही. तारीख.
आजोबा म्हणाले, शिक्का?
शिक्का नव्हता. चालेल म्हणाले.

पदक पणतू घेऊन हिंडतो,
दोनदा शेणात पडलं, धुतलं.
कागद पेटीत आहे, कोट असायचा तिथे.

काल पहाटे अंगण पांढरं झालं होतं.
आजोबा भिंतीला टेकून बसले होते,
कॉलर कानापर्यंत ओढलेली,
तिसऱ्या बटणाच्या जागी तळहात.

"जड आहे गं," म्हणाले.
"तेव्हा एवढा नव्हता."