दारं धरणं

गुरुवारी मी वही घेऊन बांधावर जाते.
पगार नाही. कालमुरात विचारतो,
फुकटची हौस अजून किती दिवस, मास्तरीणबाई?
एकतीस वर्षं तेरेक-बाशीच्या शाळेत गणित शिकवलं मी,
आणि एवढ्याचं उत्तर काढता येत नाही.

पाण्याला सीमा नसते,
असं भाषण करून गेले शहरातले पाहुणे.
असते की.
लोखंडी झडप असते, झडपेला कुलूप,
किल्ली पाणीसमितीच्या खिशात,
आणि समितीत नऊ जण,
नऊही दाढी करणारे.

विधवांना रात्रीची पाळी,
हे कुठेच लिहिलेलं नाही.
मी पाच वर्षांच्या नोंदी उतरवून काढल्या.
रात्री एक ते चार दारं धरणाऱ्या
आमच्याकडच्या सतरा,
पलीकडच्या, ताजिकांच्या, चौदा.
एकतिसांत पुरुष एक,
तोही बहिरा.
समितीपुढे मी वाचून दाखवलं.
पाळी म्हटलं की ते जोड्यांकडे बघायचे,
म्हणून तो शब्द जरा जास्तच वेळा म्हटला.

पहिल्या बैठकीला तिघी आल्या.
त्यातली एक माझी नणंद,
ती जर्दाळूंसाठी.

दुसऱ्या खेपेला सओदत आली, पूल ओलांडून,
चपला हातात,
जणू चिखल झालाय असं दाखवत.
चिखल नव्हता.
पळावं लागलं तर, असं तिनं पुढे कधीतरी सांगितलं.

ती पाण्याला ओब म्हणते, मी सू.
बाकीचं बोलणं रशियनमधून,
दोघींचीही शाळेतली, गंजलेली.
विभक्ती चुकली की हसतो,
आणि हसून झालं की दोघीही मागे वळून बघतो.

त्या वसंतात गोळ्या चालल्या तेव्हा
तिच्या घराचं छप्पर गेलं,
माझ्या पुतण्याचा पाय.
कुणी सुरुवात केली याची
दोन्ही काठांवर पाठ केलेली उत्तरं आहेत.
आम्ही हा विषय काढला नाही.
शांतता नव्हे ती,
नुसतं गप्प बसणं.
माझ्या वहीत दोन्हींना वेगळे रकाने आहेत.

चारीतला गाळ काढायचं ठरलं.
तिचं खोरं घराबरोबर जळालेलं.
मी माझं दिलं.
कालमुरात दोन दिवस बोलला नाही,
तिसऱ्या दिवशी बोलला,
ते न बोललेलंच बरं होतं.

मग पाच गुरुवार ती आलीच नाही.
गाव म्हणालं, गेलं मास्तरीणबाईंचं खोरं.
नणंद म्हणाली, खोऱ्याचं राहू दे,
तुझी आब गेली.
मी हजेरी मांडत राहिले.
तिच्या नावापुढे रिकामी जागा ठेवली,
गैरहजर लिहायला पेन उचललं
आणि शाई संपली असं स्वतःलाच सांगितलं.

जिल्ह्याहून जाझगुल आली, फॉर्म घेऊन.
बावीस वर्षांची पोर, थंडीनं नाक लाल.
प्रश्न सात: या तिमाहीत किती तंटे मिटले?
शून्य, मी म्हटलं.
शून्य चालत नाही हो, ताई.
चालतं, मी तिला सांगितलं,
शून्याशिवाय दहा कसे लिहिशील?
ती रडवेली झाली. मग आम्ही चहा घेतला.

समितीनं हिवाळ्याआधी
दोघींची पाळी दिवसाची केली.
एकतिसांतल्या दोघी.
त्यांतली एक समितीच्या अध्यक्षाची मावशी निघाली.

सहाव्या गुरुवारी पुलाच्या कठड्याला खोरं टेकवलेलं.
पातं घासून लखलखीत,
आणि दांडा नवा, तुतीच्या लाकडाचा,
हाताला लागू नये म्हणून तेल पाजलेला.
जुना मोडला असणार.
ते सांगायला यायची लाज,
म्हणून पाच आठवडे.
की तिला कुणी येऊ दिलं नाही?
मी विचारलेलं नाही अजून.

दांडा मात्र आखूड आहे.
सओदत माझ्या खांद्याला लागते,
तिनं तो स्वतःच्या उंचीनं मापला.
आता खणताना मला वाकावं लागतं.
कालमुरात म्हणाला, आण इकडे, बदलून देतो.

राहू दे, मी म्हटलं,
आणि रात्री दीडला, बॅटरी घेऊन, दारं धरायला गेले.
पलीकडच्या काठावर
एक बॅटरी आधीच पेटलेली होती.
कुणाची, ते एवढ्या लांबून कळत नाही.