सातवा रकाना

धुळ्याहून मंडळाचा फॉर्म आला आहे,
दर तीन महिन्यांनी येतो, एस.टी.च्या पार्सलातून,
गीतांच्या पुस्तकांत दुमडलेला.
उपस्थिती : एकतीस.
सात जण ऊसतोडीला बारडोलीकडे. त्यांना धरू की सोडू?
बाप्तिस्मे : दोन.
अनेरला पाणी गुडघ्याएवढंच होतं,
नुरसिंगला आडवाच करावा लागला.
दान : चारशे बारा रुपये, पायलीभर ज्वारी
आणि एक कोंबडी, जी अजून माझ्याच अंगणात फिरते,
कारण ती कुठल्या खात्यात जमा करायची
हे कमिटीत ठरलेलं नाही.

सातवा रकाना : आध्यात्मिक वाढ.
समोर दीड बोट जागा.

आमची मंडळी तीन वर्षांची.
भरते केळी पिकवायच्या जुन्या शेडात.
भिंतींना अजून गोडसर वास,
उपदेश लांबला की चिलटं जमतात.
पहिल्या वर्षी मी द्राक्षवेलीवर बोललो :
वेल, फाटे, छाटणी, सगळे मुद्दे जुळवून.
मागून गुलसिंग म्हणाला, पास्टर,
द्राक्षं आम्ही टोपलीतच पाहिली. केळीचं सांगा.
मी काय सांगणार केळीचं?
मग तोच उभा राहिला, चप्पल काढून :
केळ एकदाच घड देते. मग कोयता.
बुडाशी पिलं फुटतात, सगळी ठेवायची नसतात.
एक ठेवायचं.
आणि बसला.
मी पुढचा मुद्दा विसरलो.

तोच गुलसिंग मोहाच्या बाटलीतून दोनदा सुटला
आणि तीनदा परत गेला.
गणित असंच आहे, मी तपासलं आहे.
भिकलीबाई पुस्तक उलटं धरते, गीत सुलटं म्हणते.
केरसिंग भावाशी बांधावरून बोलत नव्हता;
आता बोलतो. बांधावरूनच, पण बोलतो.
सतरंजी कुणाच्या पैशाची यावरून भांडण झालं,
सायलीने ती गुंडाळून घरी नेली.
दोन रविवार आम्ही फरशीवर.
तिसऱ्या रविवारी सतरंजी आली, धुतलेली.
सायली नाही आली.
ती चौथ्या रविवारी.

आणि मी?
रात्री अकराला फोन वाजतो : ताप, साप, सून निघून गेली.
मोटारसायकल काढतो, डोक्यावर हात ठेवतो, प्रार्थना करतो.
परतताना पेट्रोलचा हिशेब करतो.
संक्रांतीपासून मी स्वतःसाठी
एक शब्दही मागितलेला नाही.
याला रकाना नाही, बरं आहे.

शुभ शुक्रवारच्या आदल्या रात्री घमेलं भरलं.
अकरा जणांचे पाय धुतले,
भेगा, माती, केळीच्या चिकाचे न निघणारे डाग.
शेवटी जमनाबाई. तिने पाय मागे घेतले.
“तुना पाय कोन धुई?”
मी म्हणालो, तशी रीत नाही.
“बठ.”
बसलो.
तिचा अंगठा टाचेवर फिरला, थांबला.
“काटा शे.”
कधीपासून, मला सांगता येईना.
तिने बांगडीतली पिन काढली,
गुलसिंगने मोबाईलचा उजेड धरला. त्याच्या तोंडाला वास होता,
हात मात्र हलला नाही.
सगळी मंडळी एका टाचेवर वाकलेली.
आणि मी ओरडलो, आई गं!
त्या शेडात इतक्या खऱ्या आवाजात
मी पहिल्यांदाच कुणाला तरी हाक मारली.
बाभळीचा होता, अर्ध्या इंचाचा, टोक काळं पडलेलं.
आधी पोरं हसली, मग सगळेच.
जमनाबाईने घमेलं बाहेर नेऊन
कडीपत्त्याच्या बुडाशी ओतलं.

फॉर्म उद्या सकाळच्या गाडीने जायला हवा.
दीड बोटात मी लिहिलं : काटा निघाला.
खोडलं.
लिहिलं : समाधानकारक, दर वेळेसारखंच.
शाई वाळेपर्यंत बाहेर आलो, लंगडत.
सरपणाच्या ढिगाआड कोंबडी खुडूक बसली आहे,
जवळ गेलो तर अंगावर आली.
खाली किती आहेत, मोजू देत नाही.
दानाच्या रकान्यात तूर्त एकच धरली आहे.